करंजीचे विलायती भावंड

सफरचंद हे आपल्याकडे फार वर्षे आजाऱ्याचे फळ होते. दवाखान्यात कुणाला भेटायला जायचे तर कागदी पिशवीत चार सफरचंदे न्यायची, असा रिवाज. एरवी ते मध्यमवर्गीय घरात आलेच तर पातळ फोडी करून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवली जाई. ज्या फळाची अशी मोजून वाटणी होई ते कुणी किलोभर चिरून, साखर घालून भट्टीत भाजेल, ही कल्पनाच उधळपट्टीची वाटली असती. आंब्याचे आपण साखरांबा, गुळांबा, आंबापोळी असे नाना प्रकार केले, आवळ्याचा मोरावळा केला, फणसाची पोळी वाळवली. सफरचंदाचे काही केले नाही. ते आपल्या परसातले नव्हते आणि स्वस्तही नव्हते.

आता ती स्थिती उरलेली नाही. जुलै संपता संपता हिमाचलची सफरचंदे येऊ लागतात, गणपतीच्या सुमारास हातगाड्यांवर त्यांचे ढीग लागतात, मागोमाग काश्मीरचा माल येतो. दुसरीकडे, शहरांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत एक छोटा विजेचा ओव्हन येऊन बसलेला आहे. तो घेताना उत्साह दांडगा असतो. पहिल्या महिन्यात दोन केक होतात, मुलांच्या वाढदिवसाला तिसरा होतो, आणि मग त्याच्यात तवे, पोळपाट आणि कधीकाळी घेतलेले साचे राहायला जातात. उरलेल्या वेळी त्याच्या डोक्यावर बिस्किटांचे डबे.

त्या ओव्हनमधले तवे बाहेर काढून त्यात साधे, मसालेदार सफरचंदाचे टार्ट करावे, असे माझे सांगणे आहे. ते नवलाईचे आहे म्हणून मी सांगत नाही. मराठी घरातल्या हाताला ते जवळजवळ येतेच, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण असे की ते करणाऱ्या माणसाला सगळ्यांबरोबर बसून खाता येते. हे दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते, पण आधी पहिले.

टार्ट म्हणजे काय? मैद्याची खुसखुशीत पारी, तिच्यात सारण, वर झाकण नाही. झाकण घातले की इंग्रज त्याला पाय म्हणतो. पारी कडेला मुडपून बंद करून तळली असती तर आपण तिला करंजी म्हटले असते. साम्य एवढ्यावर थांबत नाही. करंजीच्या पिठात आपण मोहन घालतो ते कशासाठी? मैद्याला पाणी लागले आणि तो मळला की त्याला चिकटपणा येतो, ताण येतो. पोळीला तो ताण हवा असतो, करंजीला नको असतो. तूप आधी पिठाच्या कणाकणाला चोळले की पाणी सगळीकडे पोचत नाही, ताण धरत नाही, आणि पारी दाताखाली फुटते. टार्टच्या पिठाचे सगळे शास्त्र एवढेच आहे. मोहन पुरेसे झाले का हे पाहायची आपली जुनी परीक्षा म्हणजे पीठ मुठीत दाबायचे. मुटका राहिला पाहिजे आणि बोटाने टोचला की मोडला पाहिजे. ती टार्टलाही जशीच्या तशी लागू पडते.

फरक एकाच जागी आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आपण मोहन कडकडीत तापवून घालतो. टार्टमध्ये लोणी फ्रिजमधले, थंडगार, बारीक तुकडे करून घालायचे आणि बोटांच्या पेरांनी चुरायचे, तळहाताने नाही, कारण तळहात गरम असतो. लोण्याचे काही कण मटारएवढे राहिले तरी चालतात, किंबहुना राहावेत. बाजारातल्या लोण्यात शेकडा सोळाच्या आसपास पाणी असते. भट्टीच्या आचेने त्याची वाफ होते आणि ती पिठाचे पापुद्रे उचलते. साट्याच्या करंजीत आपण तूप आणि तांदळाचे पीठ फेसून लाट्यांच्या मध्ये पसरतो आणि पापुद्रे मिळवतो. इथे ते काम थंड लोण्याचे कण करतात. लोण्याऐवजी साजूक तूप घातले तर? तुपात पाणी नसते, त्यामुळे पापुद्रे सुटत नाहीत, नानकटाईसारखी भुसभुशीत पारी होते. तीही वाईट लागत नाही. ज्यांना लोण्याचा वास आवडत नाही त्यांनी खुशाल तूप वापरावे.

प्रमाण अगदी सोपे आहे. दोनशे ग्रॅम मैदा, त्याच्या निम्मे लोणी, चमचाभर पिठीसाखर. लोणी खारट असेल तर मीठ घालायचे नाही. बर्फाचे पाणी तीन-चार चमचे, तेही थेंबाथेंबाने, पीठ नुसते गोळा होईपर्यंत. इथे आपल्या हाताला आवर घालावा लागतो. कणीक तिंबायची सवय इतकी हाडीमासी खिळलेली असते की गोळा झाला तरी हात थांबत नाही. थांबवावा. गोळा चपटा करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्यावा.

आता सफरचंद. आपल्या बाजारातले सफरचंद टार्टसाठी जरा अडचणीचे आहे आणि त्यामागे एक गमतीदार इतिहास आहे. कुलू खोऱ्यात बंद्रोल इथे कॅप्टन ली नावाच्या इंग्रजाने १८७० मध्ये सफरचंदाची बाग लावली, ती मायदेशातल्या आंबटसर वाणांची. इंग्रजाला ती चव सवयीची होती, आपल्या लोकांना ती रुचली नाही. मग १९०४ मध्ये फिलाडेल्फियाहून सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स नावाचा तरुण कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी सिमल्याकडच्या डोंगरात आला आणि कोटगढ भागात कायमचा राहिला. त्याने १९१६ मध्ये अमेरिकेतून रेड डिलिशस या गोड वाणाची कलमे आणून लावली. हा गृहस्थ १९२१ मध्ये आपल्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाला. त्याच्यावर वेगळा लेख होईल. पण हिमाचलच्या डोंगरांत आज लाल, गोड सफरचंद दिसते त्याची सुरुवात त्याच्या बागेत आहे.

हे लाल, गोड सफरचंद नुसते खायला उत्तम. भाजायला मात्र अपुरे पडते. त्यात आंबटपणा कमी असतो, आणि जुने झाले की त्याचा गर पिठूळ होतो व आचेवर लगदा होतो. इंग्लंडमध्ये यासाठी वेगळे फळच आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ मध्ये बी लावून वाढवलेल्या झाडाचे हे वाण. ते घर पुढे ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले आणि फळाला नाव त्याचे लागले. झाड लावणारीचे नाव मागे राहिले, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ते ब्रॅम्ली कच्चे खाल्ले तर दात आंबतात, पण शिजले की त्याला तोड नाही.

आपल्याकडे ते मिळत नाही म्हणून अडून बसू नये. हंगामाच्या सुरुवातीची, अजून पुरती न गोडावलेली फळे घ्यावीत. पिवळे गोल्डन मिळाले तर बरे. हिरवे परदेशी महाग पडते, पण चारांत एक हिरवे मिसळले तरी फरक पडतो. काहीच नसेल तर अर्धे लिंबू पिळावे. आंबटपणाशिवाय हे सारण नुसते गुळमट लागते, आणि ते तसे लागले की लोक म्हणतात, यापेक्षा शिरा बरा. त्यांचे म्हणणे तेव्हा खरे असते.

चार मध्यम सफरचंदे सोलून, बोराएवढ्या फोडी करून, तीन चमचे साखर किंवा चिरलेला गूळ, लिंबाचा रस आणि मसाला घालून कढईत पाचसात मिनिटे परतायची. फोड मऊ व्हावी पण मोडू नये. सुटलेले पाणी आटवून सारण पुरते गार करावे. ही पायरी अनेक विलायती कृतींत नसते, ते कच्च्याच फोडी भरतात. आपल्या पाणीदार फळाला मात्र ती हवीच. नाहीतर पारीचे बूड ओले राहते आणि सगळी मेहनत चमच्याने खरवडून खावी लागते.

मसाल्यात अर्धा चमचा दालचिनीची पूड, दोन लवंगा कुटून, पाव जायफळ किसून. आपल्याला इथे किंचित बिचकायला होते. गोडात वेलची-जायफळ ठीक, पण दालचिनी म्हटले की नाकाला मसालेभात आठवतो, गोडा मसाला आठवतो. पहिल्यांदा निम्मीच घालावी. सफरचंदाबरोबर तिचा तिखट कोपरा बोथट होतो आणि लाकडासारखा ऊबदार वास तेवढा राहतो. वेलची मात्र घालू नये असे माझे मत आहे. वेलची घातली की सगळे गोड पदार्थ एकाच घरचे वाटू लागतात.

आणि ज्याला आपण विलायती म्हणतो त्याच्यातले विलायती किती, हेही पाहण्यासारखे आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लिहून ठेवलेल्या सफरचंदाच्या टार्टच्या एका कृतीत अंजीर, मनुका, नासपती, केशर आणि चांगले मसाले आहेत. साखर नाही, ती तेव्हा परवडत नसे. आवरणाला त्या काळी पेटी या अर्थाचा शब्द होता. जाड पिठाची ती पेटी मुख्यतः भांडे म्हणूनच असे. सफरचंदाचे मूळ झाड मध्य आशियातले, कझाकस्तानच्या डोंगरांतले. दालचिनी श्रीलंकेची आणि मलबारची, लवंग-जायफळ मोलुक्काच्या बेटांचे. या जायफळापायी डच आणि इंग्रज किती लढले! १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रन नावाचे जायफळाचे एवढेसे बेट डचांकडे राहिले आणि आजचे मॅनहॅटन इंग्रजांकडे. आज तेच जायफळ आपल्या कोकणात नारळाच्या बागांतून आंतरपीक म्हणून होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ हे जायफळाचे आणि ‘कोकण तेज’ हे दालचिनीचे वाण दिले आहे. तेव्हा आपल्या टार्टमध्ये परके काही असेल तर ते फक्त नाव.

आता दुसऱ्या, मोठ्या कारणाकडे येते. आपल्या स्वयंपाकाची थोरवी मला मान्य आहे, पण त्यातला बराचसा भाग शेगडीपुढे उभे राहून करायचा आहे. फुलका तव्यावरून थेट पानात पडला पाहिजे. थालीपीठ गरम, धिरडे गरम, भजी तर कढईतून निघता निघता. पुरणपोळीच्या दिवशी पंगत बसली की आतून एकामागून एक पोळ्या येत राहतात आणि त्या आणणारी बाई शेवटी, गार झालेल्या कटाच्या आमटीशी, एकटी जेवते. पूर्वी ते रीत म्हणून होते. आता कुटुंबे लहान झाली, सगळे एका टेबलाशी बसतात, तरी चारजणांच्या घरात चौथी खुर्ची निम्मे जेवण होईपर्यंत रिकामीच असते. ‘तू पण बस ना’ असे सगळे म्हणतात. पण तू बसलीस तर पोळी कोण लाटणार, हे कुणी म्हणत नाही. गरम वाढण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि त्या अभिमानाची किंमत घरातले एकच माणूस भरते.

करंजीही त्यातलीच. ती खायला गार असली तरी तळताना एक जण कढईशी बांधलेली. झारा हातचा सोडता येत नाही, आच कमी-जास्त करत राहावे लागते, डोळ्यांत धूर. टार्ट भट्टीत गेले की पुढची अर्धी घटका त्याच्याकडे कुणी बघायचे कारण नाही. एकशेनव्वद अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे, कडा तांबूस दिसल्या की झाले. तेवढ्यात जेवणे होतात. सगळे एकदम बसतात, ओव्हनची घंटा वाजते, ज्याचे ताट आधी रिकामे झाले असेल तो उठून काढतो. दहा मिनिटे निवू द्यावे लागते, कारण उकळते सारण जीभ भाजते. मग सगळ्यांच्या पुढे एकाच वेळी एकेक येते. हा साधा क्रम मी ज्या ज्या घरात पाहिला तिथे त्या बाईच्या चेहऱ्यावर पाहुणी असल्यासारखे काहीतरी दिसले.

यावर आक्षेप येणार, आणि यावा. आधीच रविवारी पाहुणचाराचा स्वयंपाक, त्यात हे आणखी एक खूळ, भांडी वेगळीच. आक्षेप बरोबर आहे. टार्ट हे आणखी म्हणून करायचेच नाही. ज्या संध्याकाळी ते करायचे त्या संध्याकाळी मुगाची खिचडी, कढी, पापड. श्रीखंड-पुरीवर टार्ट वाढणाऱ्या घरात हा लेख वाया गेला असे मी समजेन. शिवाय त्यातली कामे अशी आहेत की ती वाटता येतात. दहा वर्षांच्या मुलाला लोणी चुरता येते, त्याला ते चिखलात खेळल्यासारखे आवडतेही. सफरचंद सोलायला नवऱ्याला कुठलेही शिक्षण लागत नाही. बेताच्या आकाराच्या पाऱ्या लाटणे एवढेच थोडे कसबाचे, आणि त्या वाकड्या झाल्या तरी खाणाऱ्याला कळत नाही.

मैद्याचा आणि लोण्याचा आक्षेपही खरा आहे. निम्मी कणीक घातली तर पारी थोडी जड होते, पण चालते. कणकेच्या रंगाने तर ती अधिक घरची दिसते. बाजारच्या पेस्ट्रीत कित्येक वर्षे वनस्पती तूप आणि त्याबरोबर येणारी घातक ट्रान्स चरबी असे. सरकारने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या तिच्या प्रमाणावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे चांगले झाले. तरी घरी केलेल्यात काय घातले हे आपल्याला वाचून नाही, घालून माहीत असते. आणि हा पदार्थ महिन्यातून एकदाचा आहे. विजेचे म्हणाल तर छोटा ओव्हन तापण्यासकट पाऊण तासात एक युनिटच्या आसपास खातो.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही. करंज्या करताना चार बायका जमत. एकीने लाटायचे, दुसरीने भरायचे, तिसरीने कातण फिरवायची, आणि गप्पांना अंत नसे. ती सोबत टार्टमध्ये नाही. पण ती आता करंजीतही फारशी राहिलेली नाही, कारण फराळ पुष्कळ घरांत विकतचा येतो. म्हणून उलट मला असे वाटते की जे मूल आज मैद्यात लोणी चुरायला शिकेल, मुटका धरतो की नाही ते पाहील, त्याच्या हाताला मोहन कळेल. दहा वर्षांनी त्याने त्याची करंजी केली तर आजीला त्यात परके काही वाटणार नाही.

सजावटीच्या मागे मात्र लागू नये. हल्ली फोनवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती येतात. त्यात पिठाच्या वेण्या घातलेल्या, गुलाबाच्या आकाराच्या फोडी रचलेल्या, वर पानाफुलांची जाळी. ते पाहून माणूस एकतर घाबरतो किंवा सहा तास खपतो. दोन्हींत आपला मुद्दा बुडतो. साचेही विकत घेऊ नयेत. घरातल्या स्टीलच्या पसरट वाट्या तूप लावून, त्यात पारी बसवून, काट्याने बुडाला चारदोन टोचे मारून सारण भरले की झाले टार्ट. वाट्याही काढायच्या नसतील तर ताटाएवढी एकच पारी लाटावी, मध्ये सारण पसरावे आणि कडा दोन बोटे आत दुमडाव्यात. फ्रान्समधल्या खेड्यांत असेच करतात आणि त्यांना कुणी गावंढळ म्हणत नाही.

ओव्हन नसलेल्यांनीही हिरमुसू नये. घरी भट्टी नसणे हे काही आपलेच वैशिष्ट्य नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली गरीब कुटुंबे रविवारचे जेवण भाजायला पाववाल्याकडे नेत असत, जसे आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचे साहित्य पत्र्यावर घालून बेकरीत नेत. जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, घट्ट झाकण घालून दहा मिनिटे तापवावे आणि मंद-मध्यम आचेवर वाट्या ठेवाव्यात. वेळ दीडपट लागतो, वरून रंग फिका राहतो, खालून मात्र पारी झकास होते. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे होणार नाही, त्याला गरम हवेची सोय असलेला लागतो.

पाऱ्या कापून जी कातरणे उरतात ती पुन्हा मळून लाटू नयेत, चिवट होतात. त्यांच्यावर साखर आणि चिमूटभर दालचिनी भुरभुरून त्याच ताटाच्या कडेला ठेवून द्यावीत. टार्टच्या आधी पंधरा मिनिटांत ती भाजून निघतात, आणि टार्ट टेबलावर येईपर्यंत त्यातले एकही शिल्लक राहत नाही.